समोवाराचे गणित चोरीला गेले

मी एक जुना समोवार आहे, आणि पोटात निखारा नसतानाही आज माझे डोके तापलेले आहे. यावरून काय ते ओळखा, मित्रांनो.

समोवार म्हणजे चहाचे पाणी तापवणारा पितळी बंब. मध्ये कोळसा, भोवती पाणी, पुढे तोटी. माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला. या घरच्या पेरिझात नावाच्या मुलीच्या आजोबांनी मला बाजारातून उचलून घोड्यावर लादले आणि इथे कोचकोर गावी आणले. वाटेत एकदा पाडलेही. त्याचा पोचा अजून माझ्या बुडाशी आहे. पुढे लग्न असो की मयत, माझ्याशिवाय या घराचे पान हलत नसे. पाहुणे माझ्या चकचकीत पोटात बघून मिशा नीट करत. मग विजेची किटली आली. टक् करून आपोआप बंद पडते, एवढ्या एका गुणावर तिने माझी जागा बळकावली, आणि मी कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसलो.

तिथून मला खाली उतरवले पेरिझातने. बिश्केकच्या एका कॉलेजचा पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलस ती घरबसल्या लॅपटॉपवर शिकत होती. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या बुटक्या मेजावर असे, कारण ऊब तिथेच. शेजारची जाझगुलही त्याच वर्गात होती. ती रोज येऊन तिला खेटून बसे. तिच्या घरी लॅपटॉप नव्हता. पडद्यावरच्या एकाच चौकोनात दोघींची डोकी दिसत. अपा, म्हणजे पेरिझातची आई, दोघींपुढे चहा, पाव आणि साय ठेवी. जाझगुलच्या पावावर साय अंमळ जास्तच.

"खा गं, लाजू नकोस," अपा म्हणे. "आकडे रिकाम्या पोटी डोक्यात शिरत नाहीत."

एके दिवशी पडद्यावरचे अगाय, म्हणजे त्यांचे सर, म्हणाले, "घरातली एखादी बदलणारी गोष्ट घ्या. ती कुठल्याही क्षणी किती वेगानं बदलते, ते शोधून लिहा. ज्याचं काम सर्वांत चांगलं, त्याला पुढच्या वर्षी इथं कॉलेजात जागा. वसतिगृहासकट."

पेरिझातला बिश्केकला जायला दुसरी वाट नव्हती. घरची ऐपत लॅपटॉपपाशीच संपली होती.

तिने मला निवडले. मला, किटलीला नाही! राखेने घासून तिने मला लखलखीत केले, पाणी भरले आणि तोटी उघडली. पाणी आधी जोरात धावते, पातळी उतरेल तसे मंदावते. ती काठी बुडवून पातळी मोजे आणि जाझगुल घड्याळ धरे.

"अपा, बघ ना, हा थकत जातो," पेरिझात म्हणाली.

"म्हातारा झालाय. थकणारच."

"तसं नाही गं! आत्ता, या क्षणी तो किती वेगानं थकतोय, ते मला सांगता येतं. आणि पुढच्या क्षणाचंही."

आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे चहाच मागितला होता. माझी अशी विचारपूस कोणी केली नव्हती. मी अगदी भरून पावलो.

काम पाठवायचा शेवटचा दिवस आला आणि बर्फाने वीज गेली. जाझगुल जवळच्या बालिकची शहरात तिच्या मामाच्या दुकानात निघाली होती. तिथे वीजही होती आणि इंटरनेटही.

"आण तो पेन ड्राइव्ह, मी पाठवते तुझं," ती म्हणाली. "का, विश्वास नाही माझ्यावर?"

"वेडी आहेस का? तुझ्यावर नाही तर कोणावर ठेवू?"

जाझगुलने ते काम पाठवले. आधी स्वतःच्या नावाने, मग पेरिझातच्या. स्वतःचे असे तिने काही लिहिलेच नव्हते. कॉलेजच्या संगणकाने उशिरा आलेल्या पेरिझातच्या कामावर शिक्का मारला: नक्कल.

अगायनी दोघींना पडद्यावर बोलावले. आता चौकोन दोन होते. जाझगुल मामाच्या दुकानातूनच बोलत होती. त्यांनी तिला प्रश्न विचारले आणि तिने सगळ्यांची बिनचूक उत्तरे दिली. इतके दिवस इथेच तर बसत होती! तेव्हा अपाने मला दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यासमोर धरले.

"हा बघा, अगाय! आमच्या घरात आहे! हा पोचा बघा, माझ्या सासऱ्यांनी पाडला होता!"

जाझगुलची पापणीसुद्धा लवली नाही. "हो अपा, तुमच्याकडेच आहे. आमच्याकडे जागा नाही, म्हणून ठेवायला दिलाय ना आम्ही."

मी तिचा! जिने माझ्या पाण्याचा चहा प्याला, तिने मला असा तोंडावर पळवला. मला वाचा असती तर त्या पडद्याला तडा गेला असता.

अगाय कपाळ चोळत म्हणाले, "तुम्ही दोघी एकाच चौकोनात बसायच्या. मी हा कोणाचा म्हणू? आधी आलं ते मूळ, असा नियम आहे."

"ठेव त्याला खाली, अपा," पेरिझात हळूच म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला.

जागा जाझगुलला मिळाली. निघण्याआधी ती निरोप घ्यायला आली. लांब जाताना शेजाऱ्यांना न भेटता जाणे आमच्याकडे रीतीत बसत नाही, आणि दारात आलेल्याला चहाविना पाठवणेही बसत नाही. पेरिझातने मला पेटवले.

"जागा एकच होती, पेरि," जाझगुल म्हणाली. "तुला तरी अपा कुठं एकटीला जाऊ देणार होत्या? मी तिकडून टिपणं पाठवीन तुला."

पेरिझातने प्याला माझ्या तोटीखाली धरला आणि काठोकाठ भरून तिच्यापुढे ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धाच प्याला देतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो आणि बसून राहतो. भरलेल्या प्याल्याचा अर्थ एकच: पी आणि ऊठ. जाझगुलला तो समजला. प्याला तसाच ठेवून ती उठली.

त्यानंतर अपाने मला बटाट्यांच्या कोठीत टाकले. "हा दिसला की ती पोरगी आठवते," म्हणाली. पेरिझातही मध्ये पडली नाही. तिने वह्या बांधून माझ्याच शेजारी आणून ठेवल्या आणि अभ्यास सोडला. आता जाझगुल शहरात, आणि आम्ही बटाट्यांत. जाझगुलच्या दग्यापेक्षा हा दगा मला जास्त झोंबतो.

मित्रांनो, तुमचे काम कोणी आपल्या नावावर नेले, तर त्याच्यावर खुशाल चिडा, त्याच्याशी जन्मभर बोलू नका. पण त्या कामाला अडगळीत टाकू नका. पेरिझातला कोणी भेटलात तर एवढे सांगा, की मी आणि ते गणित, आम्ही तुझेच आहोत. आम्ही तुझे काय वाकडे केले होते?