डोहातली मरळ कोणाची?

साठ सालच्या उन्हाळ्यात कॉलेजातले देवधर साहेब संशोधनासाठी अरुणावतीच्या डोहातले मासे पकडायचे, शेपटीला पितळी बिल्ला लावायचे आणि सोडून द्यायचे. तांड्यावरच्या रामीबाईला संशय आला. पकडलेला मासा कोणी सोडते काय?

"बैलाले ज्याचा डाग, त्याचा बैल. हा आपला डोह गिळून राह्यला," ती नवऱ्याला म्हणाली. मग तिनंही मरळी धरून शेपटीला कवड्या बांधल्या आणि सोडल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या जाळ्यात कवडीवाली मरळ आली. साहेब पांढरेफटक पडले.

"बाई, इथं दुसरं कोणी संशोधन करतंय? नागपूरचं?"

"करते ना. तुमच्या आधीपासून."

साहेबांनी दुपारीच बिऱ्हाड पुसदला हलवलं.

डोह वाचला. पण रामीबाईचा संशय वाढला. एवढ्या मुकाट्यानं जाणारा माणूस सरळ कसा असेल?