वरल्या अंगाचं पाणी

नेवेंका पिंजऱ्याच्या कडेच्या फळीवर पालथी पडली आणि दांड्याचं जाळं तिने हळूच पाण्यात सरकवलं. बाकीचे मासे खाली खोल पाण्यात गोल फिरत होते. हा एकटाच वर आला होता, अंगाने काळपट पडलेला, जाळीला टेकून राहिलेला. धडधाकट असता तर फळीवर सावली पडताच पिवळी शेपटी हलवून सुळकन निसटला असता. हा जाळ्यात येईपर्यंत हललासुद्धा नाही.

"जिवंत आहे ना?" बोटीतून प्रूने विचारलं.

"धुगधुगी आहे."

"मग पुरे. मेलेला नको मला. मेला की दुसरे शंभर जंतू त्याच्यात घर करतात आणि खरा चोर सापडत नाही."

प्रू हॅडो ही माशांची डॉक्टर. पोर्ट लिंकनच्या किनाऱ्यावर ज्यांचे ज्यांचे समुद्रात किंगफिश मासे पाळायचे पिंजरे होते, त्या सगळ्यांना तिचा फोन नंबर पाठ होता आणि तिला फोन करायची वेळ येऊ नये असंही सगळ्यांना वाटे. तिने बोटीतल्या फळ्यावर मासा चिरला, पोटातली काळसर लाल पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुरीच्या टोकाने उचलून उजेडात धरली. तिच्यावर रवा सांडावा तसे बारीक पांढरे ठिपके होते.

सुकाणूपाशी नेवेंकाचे वडील विन्को हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी पुढे वाकून पाहिलं आणि पुन्हा सरळ झाले.

"हा पाहुणा नवा आहे," प्रू म्हणाली. "आपल्या आखातात मी तरी पाहिला नव्हता. पाणी दर उन्हाळ्याला तापत चाललंय, ते त्याला मानवतंय."

"औषध?" बाबांनी विचारलं.

"औषध चाऱ्यातून द्यायचं आणि आजारी मासा चाऱ्याला तोंड लावत नाही. जे अजून खातायत त्यांच्यापुरतं देऊ. खरा उपाय म्हणजे याच जंतूपासून लस करून घ्यायची. पण ती पुढच्या पिल्लांना टोचता येईल, यांना नाही. तोवर पिंजरे रिकामे ठेवायचे, म्हणजे याला राहायला घर उरणार नाही." ती थांबली. "आणि ते एकट्या तुम्ही करून भागणार नाही."

तिघांनीही एकाच दिशेला पाहिलं. आखाताच्या तोंडाकडे, भरतीच्या वरल्या अंगाला, तसेच काळे गोल पिंजरे पाण्यावर होते.

"सरकारी खात्याला मी आज कळवतेच, ते कायद्यानं करावं लागतं. पण त्यांचं माणूस इथवर यायला वेळ लागेल. शेजाऱ्याला तुम्हीच सांगितलंत तर बरं."

"माझा भाऊ आहे तो," बाबा म्हणाले, अशा स्वरात की पुढे कोणी काही विचारू नये.

दोघे भाऊ तरुणपणी क्रोएशियातल्या एका बेटावरून इथे आले होते आणि एकाच बोटीवर त्यांनी टूनाची मासेमारी केली होती. धाकटे बोझो आईच्या अंत्यविधीला मायदेशी गेलेले असताना विन्कोंनी ती बोट परस्पर विकली. चांगला भाव आला होता आणि भावाला विचारत बसलो तर गिऱ्हाईक जाईल, एवढंच त्यांचं म्हणणं. अर्धे पैसे त्यांनी पै न् पै दिले. पण बोझो परत आले ते अबोला घेऊनच. रविवारी चर्चमध्ये एक भाऊ डावीकडे बसे, दुसरा उजवीकडे, आणि सगळ्या क्रोएशियन वस्तीला त्याची सवय झाली होती.

प्रूला धक्क्यावर सोडल्यावर नेवेंका म्हणाली, "मी काकांकडे जाते."

"काही अडलं नाही. सरकार कळवेल."

"सरकार कळवेपर्यंत ते नवी पिल्लं सोडून बसतील."

"सोडू दे. त्याचा धंदा आहे."

"बाबा, त्यांच्याकडे रोग राहिला तर आपण रिकामं बसून काय उपयोग? भरतीचं पाणी त्यांच्याकडून होऊन आपल्याकडे येतं. तुमचं वाकडं त्यांच्याशी आहे, पाण्याशी नाही."

"तुझी आई असती तर माझ्याशी असं बोलली नसती."

"आई असती तर तुम्हाला हाताला धरून घेऊन गेली असती."

बाबांनी दोर गुंडाळायला घेतला. नाही म्हणाले नाहीत, तेवढं तिला पुरलं.

काका आपल्या तराफ्यावरच्या शेडच्या सावलीत बसून फाटकी जाळी शिवत होते. तिची बोट लागल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. बापानं पाठवलं?"

"बापाचं न ऐकता आले."

"मग बस. त्यानं पाठवली असती तर उभी ठेवली असती."

ती उपड्या क्रेटवर बसली. येताना बोटीत तिने वाक्यं जुळवली होती, ती आता तिला लांबलचक वाटली.

"काका, आमच्या पिंजऱ्यांत रोग शिरलाय. मोठे मरतायत थोडे, पिल्लं जास्त. तुम्ही सध्या नवं काही सोडू नका, हे सांगायला आले."

काकांनी सुई जाळीतून ओढली. "कापून पाहिलंत?"

"पाहिलं."

"पाणथरीवर पांढरे ठिपके?"

ठिपक्यांचं नेवेंकाने अजून नावही काढलं नव्हतं. काकांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण सुई जिथल्या तिथे थांबली. मग तिला दिसू लागलं: शेडमध्ये छतापर्यंत रचलेली, न फोडलेली चाऱ्याची पोती. मागच्या बाजूला ताडपत्रीखाली झाकलेल्या पेट्या. चुन्याचा वास, आणि चुन्याखालचा दुसरा, कुजल्याचा वास.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"काय केव्हापासून" असं त्यांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "नाताळापासून."

"आम्ही जानेवारीत पिल्लं सोडली. तुम्ही बाजूनं गेलात बोट घेऊन. हात केलात मला."

"केला."

"एक शब्द बोलला असतात तर..."

"तोंडापर्यंत आला होता." काका जाळीकडेच बघत होते. "मग वाटलं, विन्को म्हणेल, याला मासेसुद्धा पाळता येत नाहीत. वाटलं, उन्हाळा सरून पाणी थंड झालं की जाईल आपोआप. तुमच्यापर्यंत नाही पोचणार."

"पोचलं."

"हं."

तिने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. त्या पिल्लांची पहिली खेप तिने स्वतः नळीतून पिंजऱ्यात सोडली होती. मूठभर रुपेरी जीव पाण्यात पडताच कसे एका वळणाने फिरले होते, ते तिला आठवलं. बोटीत बसून निघून जावं असं तिला वाटलं. काकांनाही बहुधा तेच हवं होतं. त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली होती.

ती उठली, पण बोटीकडे गेली नाही.

"जाळं कुठंय तुमचं? दांड्याचं?"

"कशाला?"

"मला एक मासा हवाय, आत्ताच प्रूकडे न्यायला. मरायला टेकलेला, पण जिवंत. दोन्हीकडचा जंतू एकच निघाला तर लस एकच होईल, दोघांना पुरेल. उद्या प्रू इथे येईल. तिला सगळं दाखवायचं. ताडपत्रीखालचंसुद्धा."

"खातं माझी कातडी सोलेल."

"सोलेल. सोलून घ्या." तिचा आवाज चढला नाही. "आणि पिंजरे रिकामे करायचे. आमचे होतील तेव्हाच तुमचे. आधी नाही, मागून नाही. लस टोचल्याशिवाय एक पिल्लू पाण्यात जाणार नाही, ना तुमच्या, ना आमच्या."

"अगदी बापासारखी बोलतेस."

"बाबा असते तर तुम्ही एव्हाना पाण्यात असता."

काकांच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि जाळं घेऊन आले. मासा त्यांनीच काढला, तिला हात लावू दिला नाही. पाणी भरलेल्या पेटीत ठेवताना म्हणाले, "विन्कोला सांगशील?"

"सांगेन."

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. नेवेंकाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नाताळ सांगितला, ताडपत्री सांगितली. जानेवारीतला हातही सांगितला, कारण तो गाळला असता तर पुढे कधीतरी तोच सगळ्यांच्या आड आला असता. बाबांनी शेंग अर्धी सोललेली ताटात ठेवली आणि ते अंगणात निघून गेले.

तिने उरलेल्या शेंगा सोलल्या. बाबा नाही म्हणाले तरी काय करायचं, ते तिचं ठरलं होतं. परवान्यावर बापलेकीची, दोघांची नावं होती. पिंजरे ती एकटीने रिकामे करणार होती आणि काकांच्या मागे लागून त्यांचेही करवून घेणार होती. बाबा चर्चमध्ये तिच्याही पलीकडच्या बाजूला जाऊन बसले असते, तर बसले असते.

अंधारून आल्यावर ते दारात उभे राहिले.

"त्याच्याकडे पाणबुडे किती?"

"एकच राहिलाय. दुसरा गेला सोडून."

"मग तळाचे मेलेले कोण काढतं?"

"काका उतरतात."

"या वयात?"

बाबांनी ताटातल्या सोललेल्या शेंगांकडे पाहिलं, हात धुतले आणि चूल पेटवली.

सकाळी धक्क्यावर बाबांचे दोन्ही पाणबुडे आणि प्रू बोटीत चढले. नेवेंका पुढे उभी होती. आखातात शिरल्यावर बोट नेहमीसारखी उजवीकडे, आपल्या पिंजऱ्यांकडे वळेल असं तिला वाटलं. बाबांनी सुकाणू सरळ धरलं.

तराफ्यावर काका पाणबुड्याचा रबरी पोशाख कमरेपर्यंत चढवून बसले होते. बोट ओळखून ते उठले. घाईत त्यांना बाह्यांत हात घालायचंही सुचलं नाही, त्या तशाच मांडीशी लोंबत राहिल्या. बाबांनी दोर फेकला, काकांनी तो झेलला आणि खुंट्याला गुंडाळून गाठ मारली.

बाबांनी दोर ओढून पाहिला.

"गाठ नीट मार," ते म्हणाले.

काकांनी ती सोडली आणि पुन्हा मारली.