झेंडू खरा, शेवंती खोटी

मी एक जुना व्हीसीआर आहे, आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, याला माझा इलाज नाही. आयुष्यभर लोकांनी माझ्या तोंडात कॅसेटी कोंबल्या. वरच्या कागदावर नाव एक, आत सिनेमा भलताच! कुणाच्या फितीला बुरशी, तर कुणाची फीत चुरगळलेली. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे, तसा मी झालो.

माझी उमेदीची वर्षे अकोल्याच्या जुन्या शहरात, एका व्हिडिओ पार्लरमध्ये गेली. तिथे कराटे-कुंगफूचे परदेशी सिनेमे हिंदी आवाजात चालत. लोक शिट्ट्या मारत, मला नावाजत. पुढे पार्लर बंद पडले आणि भातकुलीचे फूलवाले शेतकरी खुशालराव मला कॅसेटींच्या पेटीसकट घरी घेऊन आले.

खुशालराव माझ्यापेक्षा संशयी निघाले. दर रविवारी दुपारी ते आणि त्यांची बायको मनकर्णाबाई माझ्यासमोर बसत. मधे फुलांच्या दोन टोपल्या, हातात सुई-दोरा. सोमवारी महादेवाला जाणारा हार ओवता ओवता दोघे मारामारीचा निवाडा करत. ठोसा खरा वाटला तर झेंडू ओवायचा, खोटा वाटला तर शेवंती.

"पाय लागलाच नाही त्याले! दोरीनं वर ओढला गडी," खुशालराव ओरडत.

"मारणाऱ्याकडे काऊन पायता? पडणाऱ्याकडे पाहा," मनकर्णाबाई म्हणत. "खरा मार बसला तं माणूस आधी गुडघ्यात वाकते."

तिचा निवाडा सहसा चुकत नसे. महादेवाच्या गळ्यात शेवंती जास्त दिसली की पुजारी हसून विचारी, "काहो, या आइतवारी पिक्चर लबाड होता का?" अशी सुखाची कितीतरी वर्षे गेली.

मग गेल्या पावसाळ्यानंतर ती म्हणू लागली, "चित्र धूसर दिसते. हे मशीन थकलं आता."

मित्रांनो, माझे काळीज चर्रर झाले. खुशालरावांनी माझे झाकण उघडले, फडक्याने पुसले, पुन्हा लावले. "मले तं बरं दिसते," ते म्हणाले. पण बायकोच्या नजरेवर त्यांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. पुढच्या रविवारी तीच तक्रार, त्याच्या पुढच्या रविवारीही तीच. शेवटी ते म्हणाले, "अकोल्याले शेखर मेकॅनिकले दाखवू. नाही जमलं तं भंगारात देऊ."

भंगार! मी रागाने आतल्या आत तापलो. कारण मी तिला चोरून पारखत होतो. चित्र धूसर दिसते म्हणणारी ही बाई अजूनही झेंडूच्या जागी झेंडू आणि शेवंतीच्या जागी शेवंतीच ओवत होती. निवाडा एकदाही चुकला नव्हता. म्हणजे हिला सगळे लख्ख दिसते आहे! ही खोटे बोलते आहे. हिला मालिका पाहायला भिंतीवरचा नवा चपटा टीव्ही हवा असणार, म्हणून माझा काटा काढते आहे. मी हा हिशेब पक्का केला आणि त्या दिवसापासून तिचा दुस्वास करू लागलो.

एका मंगळवारी दोघे मला गोधडीत गुंडाळून एसटीने अकोल्याला घेऊन गेले. मोर्णा नदीपलीकडच्या गल्लीत शेखरचे दुकान होते. माझ्यासारख्यांची नस जाणणारा तो एकच मेकॅनिक उरला होता. त्याने मला उघडले, स्पिरिटने फीत वाचणारे माझे हेड पुसले, एक कॅसेट घातली आणि चित्राची तेवढी वायर त्याच्या टीव्हीला जोडली. आवाजाची जोडलीच नाही.

"काका, मशीन ठणठणीत हाय," तो म्हणाला. "चित्र पाहा, कसं काचेवानी हाय!"

"खरंच की!" खुशालराव खूश झाले. "मनकर्णा, सांग बरं, खरं का खोटं?"

मनकर्णाबाई पडद्याकडे तोंड करून उभी होती. तिने मान थोडी तिरपी केली, कान पुढे आणला. दुकानात नुसती शांतता. पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती अडखळत म्हणाली, "खोटं... खोटं हाय थे."

पडद्यावर म्हातारा उस्ताद ओट्यावर बसून भात खात होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसा खोट्या ठोशाचा आवाज नेहमीच मोठा असतो. कित्येक महिने ती कानांनी निवाडा करत होती. फुले तर बोटांनाही ओळखता येतात.

खुशालराव तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिचे डोळे निरखून पाहिले असावेत. दोन्ही बुबुळांवर पांढुरकी साय होती.

"काऊन नाही सांगतलं मले?"

"आधी मले मशीनच थकलं वाटलं. मंग समजलं, पण सांगतलं असतं तं तुमी पिक्चर बंद केले असते," ती म्हणाली. "मंग आइतवारी माह्याजवळ बसायले तुमाले काय कारण होतं?"

खुशालरावांनी तोंड फिरवले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने नाक पुसले. मग मला तिथेच टेबलावर सोडून, तिचा हात धरून ते दुकानाची पायरी उतरले आणि डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता विचारत चालू लागले.

मित्रांनो, मी त्या बाईला लबाड ठरवले होते, आणि ती तर नवऱ्याशेजारची आपली जागा सांभाळत होती. मला त्याची फार लाज वाटते. आम्हा जुन्या यंत्रांना जपा, आमच्यावरची धूळ पुसा, एवढे मागणे तर आहेच. पण घरातले कुणी म्हणाले की चित्र धूसर दिसते, तर आधी यंत्राचे झाकण उघडू नका. त्या माणसाजवळ जा. आणि त्याच्याजवळ बसायला सिनेमाची वाट पाहू नका.