मथुरेच्या एका खेपेचं कार्य

बायको, मथुरा, गेल्याचं सदूला कळलं ते पालीला, बांधकामाच्या परांचीवर. हातात चिरा होता. शेजारच्या विठूचा फोन आला, "सदूदादा, आहेस तसा निघ. वहिनी विहिरीवरून आली, हंडा उतरवला, पायरीवर बसली ती उठलीच नाय." सदूने हातातला चिरा आधी ओळीत नीट बसवला आणि मगच खाली उतरला. असं का केलं, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

बारावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले. मुलगी राजश्री तेवढी मागे राहिली. ती लांज्याला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. रजा संपत आलेली, म्हणून एका सकाळी ओटीवर बसून नववीच्या धड्याची तयारी करत होती. सवयीने मोठ्याने बोलत होती, "डोक्यावर ओझं घेऊन सपाटीवरून कितीही चाललं, तरी ओझं पेलणाऱ्या बलाने केलेलं कार्य शून्य."

सदूने चहाचा कप खाली ठेवला.

"किती म्हणालीस?"

"शून्य."

"तुझी आई एकतीस वर्षं हंडा आणि त्यावर कळशी घेऊन ह्या कातळाच्या सड्यावरून चालत आली. ते शून्य? कोणी लिवलं हे पुस्तक? त्याच्या डोक्यावर ठेव एक हंडा!"

"बाबा, आई दमायची ते खोटं नाही. पण हे मोजायची रीत वेगळी आहे."

सदू ऐकायला थांबलाच नाही. गवंडीकामाच्या पिशवीतून टेप काढली आणि तडक विहिरीवर गेला. तासाभराने घामाघूम होऊन परत आला. "विहिरीपासून दारापर्यंत सातशे दहा फूट! आता बोल!"

राजश्रीने त्याला शेजारी बसवलं. वहीत एक बाई काढली, तिच्या डोक्यावर हंडा. "हंडा पेलायला जोर लागतो तो वर. बाई चालते आडवी. जोर ज्या दिशेला आहे त्या दिशेला हंडा सरकला किती? काहीच नाही. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने सरकलेलं अंतर."

सदू चित्राकडे बघत राहिला. मग त्याने पिशवीतून ओळंबा काढला आणि बोटाला दोरी धरून सोडला. वजन डुललं, थांबलं.

"म्हणजे ह्या दोरीच्या रेषेत हंडा किती वर गेला, तेवढंच धरायचं?"

"बरोब्बर!"

"मग पाखाडी गो? ती विसरलीस? विहिरीपासून सड्यावर यायला सगळा चढ आहे, चिऱ्याच्या पायऱ्या. मी बांधल्यात त्या!"

राजश्रीने वही पुढे ओढली. "बाबा, पाखाडीवर शून्य नाही. तिथे खरंच कार्य आहे. किती उंच आहे ती?"

"मोजतो," म्हणत सदू उठला. मथुरा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या पावलांना घाई होती.

त्याने विठूला हाक मारली. लेव्हलची नळी पाण्याने भरली. विठू वरच्या पायरीवर एक टोक धरून उभा, सदू खाली काठीला दुसरं टोक लावून. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत आलं की खूण करायची, मोजायचं, आणखी खाली सरकायचं.

"दादा, इथे बंगला काढतोस काय?" विठू वरून ओरडला.

"नळी हलवू नको रे, बुडबुडा शिरेल!"

पंचावन्न फूट नऊ इंच भरलं. राजश्रीने हिशेब केला, सतरा मीटर. मग हंडा-कळशी भरून विठूच्या काजू तोलायच्या काट्यावर ठेवली. बावीस किलो.

"बावीस गुणिले नऊ पूर्णांक आठ, गुणिले सतरा," राजश्री म्हणाली, "तीन हजार सहाशे पासष्ट जूल."

"आणि ती स्वतः?" सदू म्हणाला. "ती काय वाऱ्यावर चढत होती? स्वतःलाही वर आणतच होती ना!"

राजश्रीचं पेन थांबलं. "खरंच की हो बाबा. गेल्या वर्षी दवाखान्यात बावन्न किलो भरली होती." तिने पुन्हा गुणाकार केला. "बारा हजार तीनशे अठ्ठावीस!"

"एका खेपेचं?"

"एका खेपेचं."

"विठ्या, ऐकलंस? बारा हजार!" सदू पाखाडीवरच्या पायरीवर बसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. "घे, आता सगळं गुण. एकतीस वर्षं. रोजच्या खेपा गुणिले..."

तो थांबला. "रोजच्या किती गो?"

"लहानपणी सकाळी मी शाळेला निघेपर्यंत चार व्हायच्या. पुढचं नाही माहीत."

विहिरीवर काशीवहिनी पाणी शेंदत होत्या. मथुरेच्या सोबतीने येणाऱ्या. सदू खाली धावत गेला.

"वहिनी, मथुरेच्या दिवसाच्या खेपा किती व्हायच्या?"

"आता काय सांगू भावोजी? खेपा कोण मोजतंय? गणपतीत वेगळ्या, मे महिन्यात वेगळ्या. नळ आला तेव्हा कमी झाल्या. तो गेला की परत वाढायच्या. तुम्हालाच ठाऊक असायला हव्यात."

सदूला ठाऊक नव्हत्या. तो सकाळी सातच्या गाडीने कामावर जायचा. संध्याकाळी यायचा तेव्हा हंडे भरलेले असायचे.

एका खेपेचं कार्य वहीत लिहून झालं आहे. खेपांचा आकडा अजून मिळालेला नाही, म्हणून गुणाकार राहिला आहे.