चूळ भरा, बुवा!

“चिरा नाय, टाका नाय, बुवांच्या ओठात सारं हाय!” चेले ओरडत होते. कापडे गावातल्या मांडवात मालोजीबुवा रोग्याच्या पाठीला तोंड लावून चोखत, आणि पितळी ताटात ठण्णकन मुतखडा पडे. बाया हात जोडत.

मागे उभ्या गंगाधर मास्तरांना तो आवाज ऐकवेना. महाडला विज्ञान शिकवणारा हा माणूस, पण ऑपरेशनच्या नावाने पाचावर धारण बसली, म्हणून त्यांनी मुतखड्याने बेजार झालेल्या बायकोला, इरावतीला, इथं आणलं होतं. तिचं दुखणं थांबलं, तेव्हा याच मांडवात त्यांनी बुवांचे गोडवे गायले होते.

आज हातात एक्स-रे होता. डॉक्टर म्हणाले होते, “खडा होता तिथंच आहे. वाट बुजून मूत्रपिंड निकामी झालं, म्हणून दुखायचं थांबलं. वेळेवर आणलं असतंत, तर पाठीतल्या बारीक छिद्रातून काढला असता. फासळ्या, फुप्फुस, आतडं चुकवून, खडा कुठल्या कप्प्यात आहे ते बघून आम्ही सुईची वाट ठरवतो. हे बुवा कुठंही तोंड लावतात!”

रांगेत पुढे ट्रकवाला हैदर आणि त्याची बायको खतीजा होती.

“मास्तर, तुमच्या सांगण्यावरनंच आलो. हिचं उद्याचं मुंबईचं ऑपरेशन नको बोललो.”

मास्तर पुढे सरकले. “हैदर, मी चुकलो. माझ्या नादी लागू नकोस.”

“शंका घेणाऱ्याचा खडा दुप्पट होतो!” बुवा गरजले आणि अंगारा चाटून खतीजाकडे वळले.

खतीजाने पदर घट्ट धरला. “डाक्टर पण आधी हात धुतो. बुवा, तुमी चूळ भरा.”

“पाण्यानं मंत्र उतरतो, गो!”

“उतरू दे,” म्हणत हैदरने तांब्या पुढे केला.

सगळे बघत होते. बुवांनी नाइलाजाने घोट घेतला, ठसका लागला, आणि पाण्याबरोबर ताटात ठण्णकन खडा पडला. खतीजाच्या पाठीला अजून कुणी हातही लावला नव्हता.

“अंगारा चाटताना नदीतला खडा गालात सरकवायचा, एवढीच विद्या!” मास्तर म्हणाले.

कुणीतरी विचारलं, “वैनी कशा हाईत?”

“जगली. एक मूत्रपिंड काढावं लागलं. बुवांनी फसवलं खरं, पण तिला इथं आणलं मी. बाबांनो, दुखायचं थांबलं म्हणजे रोग गेला असं धरू नका. खडा गेला का, ते आधी फोटोत बघा.”

हैदरने मुंबईला न्यायला खतीजाला गाडीत बसवलं. मास्तरांनी एक्स-रे उजेडात धरला, आणि बुवांची रांग मोडून माणसं तो बघायला आली.