सावकाश होणारं काम

रायफलीच्या चापाभोवतीची, पूर्ण काळी, कुठेही डाग नसलेली ती छोटी कमान अर्लनने चिमट्याने उचलली, गॅरेजच्या खिडकीपाशी उजेडात एकदा फिरवून पाहिली आणि कॉस्टिक सोड्याच्या टबात सोडून दिली. भसाभस फेस आला. दोन दिवसांचं काम पाच मिनिटांत धुऊन निघालं.

"पुन्हा?" कॉफी घेऊन आलेली त्याची बायको, माव्हिस, दारातच थबकली.

"पुन्हा."

"आज गुरुवार आहे. डेल येईल."

"ठाऊक आहे गं."

डेलची रायफल वीस वर्षं गुरांमागे पिकअपमधून हिंडलेली होती. चापाभोवतीची अॅल्युमिनियमची कमान आणि दुर्बिणीच्या कड्या हात लागून लागून, धुळीने घासून पांढऱ्या पडल्या होत्या. असे भाग नव्याने काळे करून देणं हा अर्लनचा निवृत्तीनंतरचा उद्योग. आम्लाचा टब, त्यात वीज सोडायला बॅटरीचा चार्जर, रंगाचं भांडं, आणि शेवटी माव्हिसच्या जुन्या पातेल्यात अर्धा तास उकळी. फार तर आठवड्याचं काम. डेलचं पाच आठवडे चाललं होतं.

डेल रायफल ठेवून गेला त्याच संध्याकाळी त्याच्या मुलीचा, क्रिस्टाचा, फोन आला होता.

"अर्लनकाका, आई गेल्यापासून बाबांचं काही खरं नाही. आता गुरंही विकली. परवा मला म्हणाले, सकाळी उठायचं तरी कशासाठी? घरात तेवढी एकच बंदूक आहे. जमेल तितके दिवस ठेवून घ्या."

तेव्हापासून अर्लन खोटं बोलत होता, आणि तेही धड जमत नव्हतं. एकदा आम्ल संपलं. एकदा रंग जांभळट आला. एकदा चार्जर जळाला. ज्याने जन्मात कुणाचं काम बिघडवलं नाही, तो सत्तराव्या वर्षी चांगलं झालेलं काम स्वतःच्या हाताने नासवत बसला होता. त्याला या सगळ्याचा मनापासून कंटाळा आला होता. त्यात सोडा दर खेपेला थोडा धातू खातो. कमान आता इतकी झिजली होती की आणखी एकदा टबात गेली असती तर स्क्रूच बसले नसते. म्हणजे ही खेप शेवटची. पुढच्या गुरुवारी काय सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

पिकअप अंगणात येऊन थांबली. डेल आत आला. दाढी वाढलेली, कोट अंगावर लोंबत होता. त्याने टबात डोकावून पाहिलं.

"अजून पांढरीच?"

"रंग नीट धरला नाही रे. या वेळचा माल हलका निघाला."

"अर्लन, लेका, तुला शाळेतसुद्धा खोटं बोलता येत नव्हतं."

अर्लनने हातमोजे काढायला घेतले. ते लवकर निघेनात. डेल बाहेर गेला, पिकअपचं दार वाजलं. आता हा रायफल मागणार, आहे तशी दे म्हणणार, आणि आपल्याला ती द्यावी लागणार. ज्याची वस्तू त्याला नाही कसं म्हणायचं?

डेल परत आला तेव्हा त्याच्या हातात घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. त्याने ते टेबलावर ठेवून उलगडलं. त्याच्या आजोबांची दुनळी बंदूक.

"हीपण काळी करून दे."

"अरे, ही अख्खी लोखंडाची आहे. लोखंडावर माझं काम चालत नाही."

"माहितीय मला."

अर्लनने त्याच्याकडे पाहिलं. "ही होती कुठं?"

"पलंगाखाली."

"एवढे दिवस?"

"एवढे दिवस."

अर्लनने सवयीने दुनळी मधून उघडून पाहिली. आत दोन काडतुसं होती. ती काढून त्याने शर्टाच्या खिशात टाकली. पाच आठवडे तो एका रायफलीवर पहारा देत बसला होता, आणि तिकडे हा रोज रात्री हिच्यावर झोपत होता. अर्लन खोक्यावर बसला.



"कधीपर्यंत हवी?" अर्लनने विचारलं.

"घाई नाही." डेल टबातल्या फेसाकडे बघत होता. "तुझ्याकडे कामाला फार वेळ लागतो, असं ऐकून आहे."

"लोखंडाला तर जास्तच लागतो," अर्लन म्हणाला. "नुसतं गुरुवारी येऊन भागायचं नाही. रोज येऊन बघत जा."