ईश्वरीवरच्या नऊ अळ्या

धरणगावच्या चुडामणने चाळीस वर्षं कपाशी केली होती. अळी दिसली की त्याचा हात आपोआप फवारणीच्या पंपाकडे जायचा. त्यामुळे देवपूरला थोरल्या बहिणीकडे आल्या आल्या, कुंपणावरच्या ईश्वरीच्या वेलावर नऊ काळ्या, काटेरी अळ्या पाहून तो ओरडलाच, "अक्का, अळी पडनी शे!"

"पडली नाही, आली आहे," रत्ना म्हणाली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. "दोन वर्षं वाट पाहिली मी. यांची फुलपाखरं होणार आहेत. प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला जळगावला जातेय, उद्या संध्याकाळी येईन. नऊच्या नऊ जिवंत पाहिजेत. घे आईची शपथ."

चुडामणने शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेलावर पान उरलं नव्हतं. उघड्या देठांवर अळ्या माना उंचावून चाचपडत होत्या. अक्काच्या पाहुण्या, आणि उपाशी! चुडामणने भेंडीचा कोवळा पाला आणला. एकीनेही तोंड लावलं नाही. मग कोबी आणला, मग मेथी. हिरवं दिसेल ते फस्त करणारी अळी त्याच्या ओळखीची होती. नखरे करणारी तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. त्याने घाबरून रत्नाला फोन लावला.

"अरे, त्यांना ईश्वरीच लागते. मरतील, पण दुसरं खाणार नाहीत. मागच्या गल्लीत झुंबरबाईंकडे वेल आहे, बघ."

झुंबरबाईने तो वेल साप येऊ नये म्हणून परसात लावला होता. चुडामणच्या हातातल्या घमेल्यात डोकावून ती दोन पावलं मागे सरली.

"ह्या अळ्या मन्हा वेलवर? भाऊ, येडा व्हयनात का?"

"उपाशी शेतस, बाई."

"मंग मरू द्या ना! कपाशीवाला शेतस ना तुम्ही?"

"मूळ जित्तं ऱ्हास. पंधरा दिनमा बठ्ठा पाला परत फुटी."

"आनि तवलोंग साप उना ते?"

चुडामणने खाली पाहिलं. घमेल्यात एक अळी निपचित पडली होती.

"मी बठस आठे," वेलाखालच्या जागेकडे बोट दाखवत तो म्हणाला. "काठी द्या."

संध्याकाळी रत्ना पोचली तेव्हा भाऊ झुंबरबाईच्या परसात उपड्या बादलीवर बसला होता, काठी मांडीवर आडवी. वेलावर अळ्या पानं कुरतडत होत्या. तिने दोनदा मोजल्या. नऊ भरल्या.

"चल घरी, चुडामण."

"पाला फुटेस्तोवर नाही येता येत, अक्का. झुंबरबाईले शब्द दिला शे."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. धरणगावहून बायको होती, बेबाबाई. पलीकडचा आवाज परसभर ऐकू येत होता, "अहो, कपाशीवर अळी पडनी शे! फवारा कव्हय मारशात?"

चुडामणने वेलाकडे पाहिलं आणि फोनवर हात आडवा धरला.

"हळू बोल," तो म्हणाला. "आठे जेवणं चालू शेतस."